डेस्कटॉप सर्च मुळातच चालू कशाला?

ऑक्टोबर २००७ मध्ये उबुंटूची ७.१० ही आवृत्ती आली. तिच्यात ट्रॅकर नावाचा एक प्रोग्रॅम आधीच बसवलेला होता आणि चालूही केलेला होता. त्याचं काम काय, तर तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल्स एकेक करून उघडायच्या, आतले शब्द वाचायचे आणि त्यांची सूची करून ठेवायची. मग तुम्ही कधी 'बजेट' असं टाइप केलंत की ती फाइल क्षणात समोर यावी. सहा महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये ८.०४ आली, आणि तिच्यात हेच सूची करण्याचं काम मुळात बंद ठेवलेलं होतं. हवं असेल त्याने चालू करावं.

एवढीच गोष्ट असती तर लिहायला बसले नसते. पण हे लिनक्सच्या जगात पुन्हा पुन्हा झालंय. मार्च २००६ च्या फेडोरा कोअर ५ मध्ये आणि सुसेच्या आवृत्त्यांमध्ये बीगल आला. केडीई ४ बरोबर नेपोमुक आला. २०१४ मध्ये नेपोमुकच्या जागी बालू आला. प्रत्येक वेळी तेच: एक प्रोग्रॅम न विचारता चालू होतो, लोकांच्या पंख्याचा आवाज वाढतो, कुणीतरी 'टॉप' कमांडचा स्क्रीनशॉट टाकतं, खाली शंभर लोक 'हा काढायचा कसा' विचारतात, आणि बनवणारे म्हणतात, पुढची आवृत्ती हलकी आहे. पुढची आवृत्ती खरंच हलकी असते. तरी भांडण संपत नाही.

माझ्या मते ते संपत नाही कारण दोन्ही बाजू वजनावर भांडतात. एखादा प्रोग्रॅम किती रॅम खातो हा मोजायला सोपा प्रश्न आहे, म्हणून सगळे तोच विचारतात. डिफॉल्ट ठरवताना विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हा खर्च कोण भरतंय, आणि फायदा नेमका कुणाला, किती वेळा होतोय? यावर बरंच संशोधन झालेलं आहे. या वादांत ते फारसं कुणी काढत नाही, म्हणून ही पोस्ट.

सूची करणं महाग का पडतं

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसंच हे. 'मान्सून: पान १२, ४७, ३०३'. संगणकात याला इन्व्हर्टेड इंडेक्स म्हणतात. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कुठल्या फाइल्समध्ये आहे याची यादी. शोध घेताना फाइल्स उघडाव्याच लागत नाहीत, यादी वाचली की झालं. म्हणून शोध झटपट होतो. पण यादी करणाऱ्याला आधी अख्खं पुस्तक वाचावं लागतं, आणि पुस्तक रोज बदलत असेल तर रोज.

२००७ च्या आसपासचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी. म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण १२ मिलिसेकंद. असं करून डिस्कवर विखुरलेली एक गोष्ट वाचायला साडेसतरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साठसुद्धा वाचनं होत नाहीत. आता होम फोल्डरमध्ये एक लाख फाइल्स धरा. हा आकडा मोठा वाटतो, पण ब्राउझरची कॅश, मेल आणि एखादा उतरवून घेतलेला सोर्स कोड असला की सहज होतो. प्रत्येक फाइलसाठी दोन वाचनं, एक तिच्या नोंदीचं आणि एक मजकुराचं. दोन लाख वाचनं, म्हणजे जवळजवळ एक तास डिस्क नुसती हेड हलवण्यात जाणार. यात पीडीएफ उलगडणं, शब्द वेगळे करणं आणि तयार झालेली सूची परत डिस्कवर लिहिणं धरलेलंच नाही.

या हिशोबात प्रोग्रॅमरच्या कौशल्याला जागाच नाही. बीगल सी शार्पमध्ये लिहिलेला होता, मोनोवर चालायचा, म्हणून जड आहे असं तेव्हा सगळे म्हणत. ट्रॅकर सीमध्ये लिहिला, तो रॅम खरोखर कमी घ्यायचा. पण हेडला अंतर कापायचं असतं तेवढं असतंच. तुम्ही कुठल्याही भाषेत लिहा.

मग लिहिणाऱ्यांनी काय केलं? प्रायॉरिटी कमी केली. 'आम्ही सगळ्यांत शेवटच्या रांगेत उभे राहतो, तुमचं काम आधी.' प्रोसेसरसाठी हे चालतं. डिस्कसाठी चालत नाही, किंवा फार थोडं चालतं. झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण घ्या. एकच मशीन आहे, आणि एक मुलगा चारशे पानी प्रबंधाच्या प्रती काढतोय. तुमचं एकच पान आहे. तो सज्जन आहे, म्हणतो, तुम्ही घ्या आधी. पण त्यासाठी त्याला बांधणीतलं पुस्तक काचेवरून उचलावं लागतं, तुमचं पान झाल्यावर परत तेच पान शोधून ठेवावं लागतं. तुमच्यासारखे दर मिनिटाला चार जण आले की त्याचंही काम होत नाही आणि तुम्हीही ताटकळता. फिरत्या डिस्कचं हेच होतं. लिनक्स कर्नलमध्ये २.६.१३ पासून डिस्कच्या वापरालाही प्रायॉरिटी देता येऊ लागली, विस्टाने विंडोजमध्ये तशीच सोय आणली, आणि दोन्हींमुळे त्रास कमी झाला. गेला नाही.

दुसरा त्रास जास्त छुपा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम नुकतंच वाचलेलं सगळं रॅममध्ये धरून ठेवते, परत लागेल म्हणून. सूचीवाला प्रोग्रॅम हजारो फाइल्स एकदाच वाचतो, त्या परत कुणालाच लागणार नसतात, पण रॅममध्ये जागा अडवून बसतात. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर त्यापायी तुमच्या ब्राउझरची पानं बाहेर ढकलली जातात. जेवून परत येता, माउस हलवता आणि मशीन अर्धा मिनिट गोठल्यासारखं होतं. त्या क्षणी 'टॉप' मध्ये बघितलंत तर ट्रॅकर शांत बसलेला दिसेल, शून्य टक्के. चोरी होऊन गेलेली असते.

उलट बाजूही सांगते, कारण टीका करणाऱ्यांनीही बरंच वेडंवाकडं मोजलंय. बालू त्याची सूची एलएमडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. तो डेटाबेस रॅमवर न आणता पत्त्यांची एक मोठी जागा नुसती राखून ठेवतो, ६४-बिट मशीनवर २५६ जीबी. ही कागदावरची जागा आहे, प्लॉट पाडून ठेवल्यासारखी. पण 'टॉप' च्या एका रकान्यात २५६ जीबी दिसतं आणि लोक हबकतात. आठ जीबी रॅमच्या मशीनवर २५६ जीबी रॅम कुणी खाऊ शकत नाही, एवढा विचार करायला हरकत नव्हती.

काय बदललं हे सांगणार कोण?

पहिली सूची एकदाच करायची असते, तासभर सोसू, असं म्हणता येईल. खरी मेख त्यानंतर आहे. फाइल बदलली की सूची बदलायला हवी. कुठली फाइल बदलली हे प्रोग्रॅमला कळणार कसं?

ॲपलने एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस टेनच्या टायगर आवृत्तीत स्पॉटलाइट आणलं आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना चालू करून दिलं. त्यावर काम करणाऱ्यांत डॉमिनिक जियामपावलो होते. त्यांनी ९० च्या दशकात बीओएससाठी फाइल सिस्टिम लिहिली होती, जिच्या पोटातच सूची आणि शोध होता. मॅकमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल सिस्टिम आणि शोध एकाच घरातले. कर्नलच सांगतं की अमुक फाइल आत्ता बदलली. विंडोजमध्येही एनटीएफएसला विंडोज २००० पासून बदलांची एक रोजनिशी आहे. मशीन चालू असताना जे जे बदललं ते तिच्यात नोंदलं जातं, आणि सूचीवाला प्रोग्रॅम उशिरा जागा झाला तरी ती रोजनिशी वाचून पुढे जाऊ शकतो.

लिनक्सवर त्या काळात होतं आयनोटिफाय. ते २००५ च्या ऑगस्टमध्ये कर्नलमध्ये आलं, आणि ते ज्यांनी लिहिलं त्यांच्यापैकी एक असलेल्या रॉबर्ट लव्ह यांचा बीगलमध्येही हात होता, म्हणजे गरज कुठून आली होती ते कळतं. पण आयनोटिफायला प्रत्येक फोल्डरवर वेगळा पहारेकरी बसवावा लागतो. फोल्डरमध्ये फोल्डर असेल तर त्यावर आणखी एक. एका युजरला असे मुळात ८,१९२ पहारेकरी मिळत. शिवाय पहारेकरी फक्त जागेपणी बघतो. प्रोग्रॅम बंद असताना किंवा दुसऱ्या सिस्टिममध्ये मशीन चालू असताना काय बदललं, याची नोंद कुठेच नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर ठेवणारे आपल्याकडे तर घरोघरी होते. मग उपाय एकच, दर लॉगिनला अख्खं होम फोल्डर पुन्हा फिरून बघायचं. 'आत्ता तर सूची झाली होती, परत का चाललंय?' या त्या वेळच्या वैतागामागे बहुतेकदा हेच होतं.

उबुंटू, फेडोरा आणि सुसेच्या निर्णयावर माझी खरी टीका इथे आहे. मॅकमध्ये आहे म्हणून आपल्याकडेही हवं, ही स्पर्धा समजू शकते. पण मॅकमध्ये ते डिफॉल्ट ठेवणं परवडलं त्यामागे खाली केलेलं काम होतं. ते काम नसताना वरचा मजला तेवढा उचलून आणला. आणि ज्या लोकांना 'तुमचं जुनं मशीन आमच्याकडे अजून पाच वर्षं चालेल' असं सांगून बोलावलं होतं, नेमक्या त्यांच्याच फिरत्या डिस्कवर तो चढवला.

बॅटरीबद्दल एक छोटी गोष्ट. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर थांबायचं, हे यातल्या बऱ्याच प्रोग्रॅमना शिकवलेलं असतं. चांगलंच आहे. पण लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातले कितीतरी डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर चालायचे, आणि त्या डेस्कटॉपला आपण बॅटरीवर आहोत हे कळायचा मार्गच नव्हता. तो आपला आनंदाने सूची करत बसणार.

लोक मुळात शोधतात का?

आता फायद्याची बाजू. सर्चचे समर्थक म्हणतात, फोल्डर ही जुनी सवय आहे. चांगला शोध दिला की लोक फोल्डर सोडतील. हे तपासता येतं, आणि ओफर बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. त्यांचा पेपर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी हळू शोधयंत्रं आणि नवी झटपट शोधयंत्रं वापरणारे लोक त्यांनी पाहिले, विंडोजवरचे आणि मॅकवरचेही. लोकांच्या स्वतःच्या अंदाजानुसार फाइलपर्यंत पोचण्याच्या ५६ ते ६८ टक्के प्रसंगांत ते फोल्डरमधून चालत जात होते. शोध वापरत होते ४ ते १५ टक्के प्रसंगांत. यंत्र सुधारलं म्हणून शोधाचा वापर ठामपणे वाढला, असं दिसलं नाही. बहुतेक जण शोध कधी वापरत, तर फाइल कुठे ठेवली ते आठवेनासं झाल्यावर. शेवटचा उपाय म्हणून.

स्वयंपाकघरात हळदीचा डबा शोधायला कुणी यादी बघत नाही, हात आपोआप जातो. फाइलचंही तसंच असावं.

हा पेपर हातात धरून 'बघा, कुणी वापरतच नाही, काढा' असं म्हणणारे मी पाहिलेत. इतकं सरळ नाही ते. 'शेवटचा उपाय' याचा अर्थ कमी महत्त्वाचा असा होत नाही. जी फाइल कुठे आहे ते आठवतंय तिच्यासाठी कुणाची मदत नकोच असते. जी आठवत नाही तिच्यासाठी माणूस रात्रभर जागतो. अग्निशामक नळकांडं कोण किती वेळा वापरतं यावर त्याची किंमत ठरत नाही. आणि समर्थकांचा सगळ्यांत मजबूत मुद्दा यातूनच येतो: सूची गरज पडण्याआधी तयार असावी लागते. फाइल हरवल्यावर इंडेक्सिंग चालू केलंत तर वर काढलेला एक तास तेव्हा थांबावं लागणार. त्यामुळे 'ज्याला हवं त्याने चालू करावं' हे उत्तर ऐकायला शहाणं असलं तरी ज्याला हवं असतं त्याला ते उशिरा कळतं. याला मी आजवर वाचलेल्या विरोधी लेखांत नीट उत्तर पाहिलेलं नाही.

माझं उत्तर असं की लोकांना हरवलेलं नक्की काय हवं असतं, ते बघा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुझन ड्यूमे आणि सहकाऱ्यांनी 'स्टफ आय हॅव सीन' नावाची यंत्रणा बनवली, आपण आधी पाहिलेलं परत शोधण्यासाठी, आणि २३४ लोकांनी ती रोजच्या कामात वापरली. २००३ चा हा पेपर या विषयात आजही सगळे वाचतात. लोकांचे शोध अगदी आखूड होते, सरासरी दीड-पावणेदोन शब्द. माणसांची नावं त्यात भरपूर. आणि उघडलं गेलं त्यात सर्वाधिक काय होतं, तर ईमेल. २००३ मध्ये ईमेल मशीनवर असायचे. आता आपल्यापैकी बहुतेकांचे मेल ब्राउझरमध्ये उघडतात, सर्व्हर दुसऱ्या कुणाचा तरी असतो, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ फोनमध्ये राहते. डेस्कटॉपवरची सूची डिस्कवरचं जे आहे ते निष्ठेने वाचते, पण ज्यासाठी माणूस जास्तीत जास्त शोधतो ते तिथे उरलेलंच नाही.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. असेंबल केलेल्या पीसीला सी, डी, ई असे भाग पाडून देणं हा आपल्या दुकानांचा रिवाज. 'सी फॉरमॅट करावा लागला तरी डेटा राहील, सगळं डी मध्ये ठेवा' हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. विंडोज सर्च मुळात युजरचं फोल्डर वाचतं, जे सी मध्ये असतं. डी कडे ते आपणहून बघत नाही. खर्च चालू, आणि सूची रिकाम्या खोलीची.

मराठी मजकुराचं काय होतं

भारतीय भाषांतल्या मजकुराचा शोध हा माझ्या कामाचा भाग आहे, त्यामुळे इथे थोडी जास्त थांबते.

सूची करताना पहिली पायरी मजकुराचे शब्द पाडणं. इंग्रजीत मोकळी जागा आणि विरामचिन्हं बघितली की झालं. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस शेकडो प्रोग्रॅममध्ये असतो, आणि त्याच्या मजकूर-शोधाच्या भागात शब्द पाडायला युनिकोड६१ नावाचा तुकडा मिळतो. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये अक्षरं आणि आकडे यांना शब्दाचा भाग मानलं जातं, बाकी सगळं म्हणजे फट. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांट्या आणि हलन्त यांचा वर्ग 'अक्षर' नाही, 'चिन्ह' आहे. म्हणजे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. 'पुणे' चे होतात 'प' आणि 'ण'. 'पाणी' चेही होतात 'प' आणि 'ण'. ज्या प्रोग्रॅममध्ये हा तुकडा जसाच्या तसा वापरलाय तिथे तुम्ही पुणे शोधलंत की पाणीही मिळणार. (पुणेकरांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.) दुरुस्ती एका ओळीची आहे, चिन्हांचे दोन वर्ग यादीत घालायचे. पण ती ओळ घालायला मुळात कुणाला तरी मराठीत शोधून बघावं लागतं.

शब्द नीट पडले तरी पुढे विभक्ती. पुस्तक, पुस्तकात, पुस्तकाला, पुस्तकातल्या, पुस्तकांमधून. सूचीसाठी हे पाच वेगळे शब्द. 'पुस्तक' ने सुरू होणारे सगळे शब्द आण म्हटलं तर हे सापडतील, पण 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात' आणि 'पाण्याचा' तसे सापडणार नाहीत, कारण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. इंग्रजीत हे काम शब्दाचं मूळ काढणारा एक छोटा नियमसंच करतो. मराठीत हे जमत नाही असं नाही. 'फायर' या भारतीय मंचाने २००८ पासून मराठीसकट भारतीय भाषांसाठी शोधाच्या चाचण्या घेतल्या आहेत आणि मुळावर नेऊन शोधल्याने फरक पडतो हे तिथून माहीत आहे. ते डेस्कटॉपपर्यंत पोचायचा रस्ता मात्र लांब.

त्यात 'दऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप करता येतो, नुक्त्याचा ऱ वापरून किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सूचीत दोन.

आणि जुना मजकूर? श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये केलेल्या फाइल्स कार्यालयांत आणि छापखान्यांत ढिगाने आहेत. त्यात संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर एकही नसतं, रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, ज्यांना फॉन्ट मराठी मुखवटा घालतो. सूचीवाला ती सगळी इमानदारीत वाचतो आणि कुणीही कधीही टाइप करणार नाही अशा 'शब्दांची' यादी करून ठेवतो. डिस्क तेवढीच फिरली, रॅम तेवढीच गेली.

म्हणून मी म्हणते की वजन हा अर्धाच प्रश्न. इंग्रजीत काम करणाऱ्याला तासाभराच्या बदल्यात चालणारा शोध मिळतो. मराठीत काम करणाऱ्याला तोच तास देऊन अर्धवट शोध मिळतो. डिफॉल्ट ठरवणारा माणूस त्याच्या टेबलावर फक्त पहिला हिशोब बघतो. एसएसडी आल्यापासून वजनाचा मुद्दा बराच ढिला पडलाय, कारण हेडच नाही आणि एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. तरी ही विषमता जशीच्या तशी राहते.

न विचारता

डिफॉल्ट म्हणजे 'बदलता येतं की' असं म्हणणाऱ्यांसाठी नेहमीचं उदाहरण: २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांनी 'सायन्स' मध्ये दाखवलं की अवयवदानाला मुळात संमती धरणाऱ्या ऑस्ट्रियात संमतीचं प्रमाण ९९.९८ टक्के होतं, आणि विचारून घेणाऱ्या जर्मनीत १२. शेजारचे देश, एकच भाषा. बहुतेक माणसं डिफॉल्ट बदलत नाहीत, ती त्यात राहतात. त्यामुळे डिफॉल्ट ठेवणारा सोय करत नसतो, निर्णय घेत असतो.

त्यात बंद करायची वाट अवघड ठेवली तर तो निर्णय लादणं होतं. ग्नोममध्ये फाइल्सचा प्रोग्रॅम ट्रॅकरवर अवलंबून ठेवलेला आहे, त्यामुळे ट्रॅकर काढायला गेलं तर फाइल मॅनेजरही सोबत निघायला बघतो. मग लोक सिस्टिमच्या पातळीवर सेवा दाबून ठेवायच्या युक्त्या शोधतात. हे मला इंडेक्सिंगपेक्षा जास्त खटकतं.

खासगीपणाचंही यातच येतं. २००४ मध्ये गूगल डेस्कटॉप आलं तेव्हा ते बघितलेली वेब पानंही सूचीत घ्यायचं. स्वतःच्या मशीनवर ठीक. सायबर कॅफेत मागच्या माणसाचा मेल पुढच्याला सापडण्याची सोय. २०२४ च्या मेमध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केलं, पडद्याची चित्रं सतत टिपून शोधता येतील असं. इतका आरडाओरडा झाला की जूनमध्येच ते मुळात बंद राहील, विचारूनच चालू होईल, असं सांगावं लागलं. वीस वर्षांनी तोच धडा, जास्त महागड्या मशीनवर.

मग डिफॉल्ट काय ठेवावं? फाइलच्या नावांची सूची, आणि तेवढीच. युनिक्सवर 'लोकेट' हे १९८० च्या दशकापासून करतंय. विंडोजवर एव्हरीथिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम एनटीएफएसचं नोंदवहीचं कोष्टक थेट वाचतो. त्याच्या कर्त्याच्या आकड्यांनुसार दहा लाख फाइल्सना साधारण ७५ एमबी रॅम आणि एक मिनिट. फाइल उघडायचीच नाही म्हणून हे स्वस्त पडतं, आणि मराठी नावंही मधल्या तुकड्यावरून सापडतात, विभक्तीचा प्रश्न फार येत नाही. फाइलला नाव देताना कुणी 'पुस्तकांमधून' लिहीत नाही.

आतल्या मजकुराच्या सूचीबद्दल पहिल्यांदा शोध घेतला जाईल तेव्हा विचारावं. नावात काही सापडलं नाही, की खाली एक ओळ: 'फाइल्सच्या आतही शोधू का? कुठल्या फोल्डरमध्ये? पहिल्या वेळी सुमारे चाळीस मिनिटं लागतील.' तेव्हा माणसाला कारणही माहीत असतं आणि फोल्डरही तोच सांगतो, मग तो डी ड्राइव्ह का असेना. तो पहिला शोध हळू होईल, हे मान्य. वर मी समर्थकांचा जो मुद्दा मजबूत म्हटला तो इथे पूर्ण सुटत नाही. एका माणसाची एक संध्याकाळ त्यात जाईल. पण ती संध्याकाळ एकदाच जाते, आणि ज्याला शोध हवाय त्याचीच जाते.

ग्नोमचा आजचा वारस, २०२४ पासून लोकलसर्च या नावाने, सगळं होम फोल्डर न खणता डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांतच खोल उतरतो. तक्रारी कमी झाल्या त्यात एसएसडीचा वाटा मोठा आहे, पण या कुंपणाचाही आहे. बीगलच्या काळात हे कुंपण घालायला कुणाची ना नव्हती, फक्त डिफॉल्ट ठरवताना 'सगळं' हा शब्द फार आवडत होता.

पुढच्या पोस्टमध्ये 'पाणी' ते 'पाण्याचा' हा प्रवास नियमांनी कसा उलटा करतात ते बघू. तोपर्यंत तुमच्या मशीनवर 'पुणे' शोधून बघा आणि काय काय येतं ते खाली लिहा. कुठला प्रोग्रॅम आणि कुठली आवृत्ती तेही लिहा, म्हणजे यादी करता येईल.